मोठीची ज्वारी

माझी धाकटी जाऊ हैदराबादहून यायची असली की आमच्या घरात दुधावरची साय कुणाला मिळत नाही. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, ती एका वाटीत जमवून झाकून ठेवतात. या घरात मी तिच्या कितीतरी आधी आले, तिच्यापेक्षा जास्त भाकरी थापल्या, आत्यांच्या गुडघ्यांना तेल मीच चोळते, आणि साय धाकटीला. बरं, तिला साय आवडतही नाही. वासानंच मळमळतं, असं तिनं एकदा मला हळूच सांगितलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ती खाल्ली नाही. तिनं नको म्हटलेली साय मी का खावी?

सरळ सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. कशाचा, तेही सांगते. तिच्या रंगाचा नाही, साड्यांचा नाही, हैदराबादच्या फ्लॅटचा तर मुळीच नाही. हेवा आहे तो तिच्या ज्वारीचा.

आमचं घर सोलापुरात, भवानी पेठेत. खाली आमच्या यांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान, वर आम्ही. मूळ गाव केम. तिथली जमीन चुलत घर कसतं, वर्षाची ज्वारी आम्हाला येते. मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पण त्याआधी मी कृषी विद्यापीठात ज्वारीवर एम.एस्सी. केली आहे, तिथल्या प्रयोगाच्या शेतात उन्हात उभी राहून कणसांना कागदी पिशव्या बांधल्या आहेत. पुढे पीएच.डी. करायची होती. मग लग्न झालं, मुलगी झाली, इथंच नोकरी मिळाली. मला कुणी अडवलं नाही. कुणी विचारलंही नाही. धाकटी मात्र या घरात आली तीच डॉक्टर होऊन. उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकताना आत्यांनी शेजारच्या तेलुगू काकूंना ऐकवलं, "आमची सून ज्वारीची डाक्टर हाय." मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन.

तिचं काम काय ते आधी सांगते, कारण ते मला तिच्याइतकंच कळतं. काढणीच्या वेळी पाऊस झाला की भिजलेल्या ज्वारीवर, मक्यावर बुरशी चढते. ती बुरशी दाण्यात विष सोडते. बुरशी झटकली, दाणे धुतले, तरी विष आत राहतं. त्यानं जनावरं आजारी पडतात, माणसांची पोटं बिघडतात, आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर त्याहून वाईट होतं. आता निसर्गात काही सूक्ष्मजीव असे आहेत की ते हे विषच खातात. त्यांच्यातलं एक जनुक उचलून धाकटीनं ज्वारीत घातलं आहे. त्या ज्वारीच्या दाण्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं आणि ते विषाचे तुकडे पाडतं. झालं. एवढंच सांगायला तिला अर्धा तास लागतो.

एकदा ती आली असताना आत्यांनी तिला विचारलंच. त्या लसूण सोलत होत्या, मी परातीत पीठ मळत होते.

"म्हंजी तुज्या ज्वारीत बुरशी मरती का?"

"नाही आत्या, बुरशी राहते. तिनं सोडलेलं विष निकामी होतं."

"मंग त्ये तव्यावर भाजून न्हाय का जात?"

"नाही जात. भाकरी करपली तरी राहतं."

"आन तुज्या ज्वारीत कसं जातं?"

इथं धाकटी अडकली. विकर म्हणाली, रेणू म्हणाली, मग डिग्रेड होतं म्हणाली. आत्या तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मी परातीतून मान वर न करता म्हणाले, "ती ज्वारी विष पचवते, आत्या."

"आस्सं! पचीवती व्हय!" आत्यांनी मांडीवर हात मारला. "मंग आसं सांग की!"

हे शेवटचं वाक्य त्या धाकटीला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना, दारावर येणाऱ्या भाजीवालीला, केमहून आलेल्या माणसाला, सगळ्यांना कळलं की धाकटीनं विष पचवणारी ज्वारी काढली आहे. पुढच्या महिन्यात तिनं कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात व्याख्यान दिलं, त्याचा फोटो मला पाठवला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत माझा शब्द. खाली तिनं लिहिलं होतं, 'ताई, तुमचाच शब्द!' आणि हात जोडलेलं चित्र. चोरला असता तर मला निदान चार दिवस धुसफुसता आलं असतं. तिनं तीही सोय ठेवली नाही.

मग मी तिच्याशी वाद घालायला लागले. वर्गात मी जनुक बदललेल्या पिकांच्या दोन्ही बाजू शिकवते, फायदेही आणि धोकेही, अगदी फळ्याच्या मधोमध रेघ ओढून. धाकटीसमोर मात्र मला फक्त एकच बाजू आठवते. परवानगी कधी मिळणार? मिळणार तरी का? तोवर तुझी ज्वारी काचघरात कुलपात, एक दाणा बाहेर काढता येत नाही, तिचा उपयोग काय? ती शांतपणे म्हणायची, "खरं आहे ताई, वेळ लागेल." तिच्या या शांतपणानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण माझीही ज्वारी होती. आणि ती कुलपात नव्हती.

आमच्याकडची ज्वारी रब्बीची, शाळू. एरवी कोरड्या हवेत पिकते, कोरडीच घरात येते. पण काही वर्षांपासून काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस गाठतो. कणसं भिजली की दाणे काळे पडतात. काळी ज्वारी कोण घेणार? बाजारात तिला कुणी विचारत नाही, घरात तिची भाकरी करत नाहीत, कोंबड्यांपुढे टाकतात. अशाच एका भिजल्या वर्षी मी केमच्या रानात गेले होते. सगळं शेत काळवंडलेलं आणि त्यात मधेच एखादं कणीस पांढरंशुभ्र. माझ्यातली एम.एस्सी. जागी झाली. मी साडीच्या काठाच्या चिंध्या फाडून त्या ताटांना बांधल्या, त्यांचं बी वेगळं ठेवलं, पुढच्या वर्षी वेगळं पेरलं. मग दर वर्षी तेच. परीक्षांच्या दिवसांत रविवारची गाडी पकडून केमला जायचं, पाऊस नसला तर बादलीनं कणसं भिजवायची, पांढरी राहतील ती निवडायची. चुलत घरातली माणसं आधी हसली. नंतर त्यांनीच बी मागून घेतलं. पाऊस झाला तरी दाणा पांढरा, टपोरा, भाकरीला गोड. आख्खी वस्ती तीच पेरायला लागली आणि तिला मोठीची ज्वारी म्हणायला लागली. मोठी म्हणजे मी, थोरली सून.

कुठल्या कागदावर तिची नोंद नाही. पण कुणी रानात उभं राहून 'ही मोठीची' म्हणालं की मला काय वाटायचं ते धाकटीच्या एकाही पारितोषिकात मावणार नाही.

गेल्या दिवाळीला धाकटी आली. भाऊबीज झाल्यावर मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, तर माझ्यामागे येऊन चिमटे हातात देत उभी राहिली.

"ताई, तुमची ज्वारी द्याल थोडी?"

"कशाला?"

"आम्ही ज्या जातीत जनुक घातलंय ती प्रयोगशाळेत चांगली येते, पण तिची भाकरी पांचट. ती कोण पेरणार? तुमची लोकांना आवडते. तुमच्या ज्वारीत घालून बघायचंय. आधी नुसते दाणे तपासू, त्यात विष किती धरतं ते."

"बघू," मी म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

मला काय हवं होतं ते मी बोलले नाही. ज्वारी मागताना तिनं एवढंच म्हणायला हवं होतं की ताई, यावर नाव तुमचं राहील. ती विसरली असेल, तिला ते न सांगताही कळण्यासारखं वाटलं असेल. पण एकदा का माझी ज्वारी तिच्या काचघरात शिरली की ती कुणाची म्हणून बाहेर येणार, हे मला माझ्या शब्दावरून चांगलं माहीत झालं होतं.

पण आत्यांपुढे कुणाचं चालत नाही. धाकटी निघायच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मोठे, धाकटीची वटी भर. तुज्याच ज्वारीनं भर."

आमच्याकडे ओटी ज्वारीनंच भरतात. गहू-तांदूळ पिकत होते कुठं? आत्यांनी आधीच ताट तयार ठेवलं होतं. कोठीतली माझी ज्वारी, तिला ओल्या हातानं चोळून चोळून लावलेली हळद, वर कुंकू, नारळ, खण. ओटी म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. धाकटी पदर पसरून वाकून उभी राहिली आणि मी ओंजळ भरभरून माझी ज्वारी तिच्या पदरात घातली. तिनं रिवाजाप्रमाणे चार दाणे परत ताटात टाकले आणि पाया पडली. ओटीत घातलेल्याची बोलणी होत नाहीत, अटी घालता येत नाहीत. मी जे बघू म्हणून टाळलं होतं ते आत्यांनी देवासमोर माझ्याच हातानं देववलं. उठताना धाकटीच्या तोंडावर मला हसू दिसलं. असेल नसेल, मला दिसलं.

महिन्याभरानं तिचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, तुमच्या ज्वारीनं कमाल केली! दाण्यांवर बुरशी टाकली, ओल दिली, ऊब दिली. बाकी सगळ्या जातींत विष भरलं. तुमच्यात नाहीच! जवळजवळ शून्य!"

मग मी जे पहिलं वाक्य बोलले ते आठवून मला अजून बरं वाटतं. "म्हणजे तुझ्या जनुकाची गरजच नाही म्हण की."

"तसंही असेल, ताई," ती म्हणाली.

तो सगळा महिना माझा होता. आमच्या यांना सांगितलं, शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, वर्गात तर धडा सोडून सांगितलं. परदेशातून आणलेली यंत्रं, काचघरं, कुठल्या कुठल्या जीवांची जनुकं, आणि इथं केमच्या रानात चिंध्या बांधून मी तेच केलं होतं, तेही आधी. आत्यांनी त्या आठवड्यात साय मला दिली. मी खाल्ली. मिटक्या मारत खाल्ली.

केमला फोन करून मी चुलत सासूबाईंना, काकींना, सांगितलं. काकी म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. त्या म्हणाल्या, "लई ब्येस झालं. यंदा एक दाना बाजारात न्हाय न्यायचा. समदी घरात ठिवू खायाला. आन पाऊस पडला तरी भ्या न्हाय मंग."

"नाही," मी म्हणाले. "मोठीची ज्वारी आहे."

संक्रांत होऊन गेल्यावर धाकटीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज उतरलेला.

"ताई, एक विचारू? ओटीच्या ज्वारीला हळद लावली होती ना?"

"मग? कोरी ओटी भरतात का?"

"आज ती साडी धुवायला काढली. पदरावरचा पिवळा डाग काही केल्या जाईना. दाण्यांवरची तरी कशी गेली असेल, ताई? प्रयोगशाळेत दाणे धुतले होते. तिथल्या मुलांना वाटलं बियाण्याला काही औषध चोळलंय, वरवर धुतलं की झालं. हळद बुरशीला थोपवते."

ती पुढे म्हणाली, "माझीच चूक. मी स्वतः ती पदरात घेऊन गेले आणि माझ्या डोक्यातच आलं नाही."

माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी रोज मुलांना सांगते की प्रयोगात एकाच गोष्टीचा फरक ठेवा, बाकी सगळं सारखं ठेवा. पण ओटीच्या ताटातली हळद ही वस्तू म्हणून दिसतच नाही, ती असायचीच. दोन शिकलेल्या बायका, एक ज्वारीची डॉक्टर आणि एक ज्वारीची एम.एस्सी., हळदीकुंकू लावलेल्या दाण्यांची तपासणी करून आनंदात होत्या. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी पोट धरून हसले असते.

"कोरे दाणे पाठवा," ती म्हणाली. "पुन्हा करू. कदाचित तसंच येईल."

मी कोठीच्या तळातली, हळदीचा वाराही न लागलेली ज्वारी पिशवीत भरली, आमच्या यांच्या दुकानाच्या पार्सलबरोबर पाठवली आणि देवाला नवस बोलले. देवाला म्हटलं, तसंच येऊ दे. माझ्यासाठी नाही म्हटलं तरी चालेल, तिच्या नाकावर टिच्चून येऊ दे.

उत्तर फोनवर आलं नाही. एका रविवारी सकाळी ती स्वतःच आली, न कळवता, लहानशी पिशवी घेऊन. आत्या देवळात गेल्या होत्या. तिनं चहा घेतला नाही. स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "ताई, आपल्या साध्या ज्वारीपेक्षा तुमच्यात विष जास्त निघालं."

"पांढरी आहे ती," मी म्हणाले. "बुरशी दिसली का तुला कुठं?"

"दिसत नाही, तेच तर. ही बुरशी फुलोऱ्यातच आत शिरते, बाहेरून काही कळत नाही. दर भिजल्या वर्षी तुम्ही काळी न पडणारी कणसं निवडलीत. पण ती बुरशी अडवणारी नव्हती, ताई. नुसती रंग न बदलणारी होती. दाणा काळा पडतो तो बहुधा बुरशीशी झगडताना, ही झगडतच नाही."

तिनं आवाजही चढवला नाही. हेच तिनं आत्यांसमोर सांगितलं असतं, थोडी मान ताठ करून सांगितलं असतं, तर मला भांडता आलं असतं. ती हैदराबादहून रात्रभर बसून आली होती, मला एकटीला गाठून सांगायला. तिच्या चांगुलपणाचा मला त्या क्षणी इतका राग आला की मी ओट्यावरचं पातेलं उगाचच घासायला घेतलं. माझ्या ज्वारीची वाईट बातमीसुद्धा माझ्याआधी तिला कळली होती.

"कोरड्या वर्षी काही नाही," ती मागून सांगत होती. "भिजली तरच. आणि तुमची ज्वारी जोमदार आहे, भाकरीला चांगली आहे. माझं जनुक तिच्यात गेलं तर विष राहणार नाही. मला तीच हवीय, पण तुम्ही हो म्हणालात तरच. ओटीतली धरत नाही मी."

मी पातेलं घासत राहिले. बाहेर ऊन होतं, पण मला आठवलं की हवामानवाल्यांनी पाऊस सांगितला होता आणि केमला काढणी चालू होती. तिलाही तेच आठवलं असणार.

"केमला कुणीतरी सांगायला हवं. मी जाऊ का? आलेच आहे तर..."

"तू कशाला?" मी गर्रकन वळले. "माझी ज्वारी आहे. मी सांगीन."

लोक यालाही मोठेपणा म्हणतील, तसं काही नव्हतं. धाकटी केमच्या अंगणात उभी राहून माझ्या ज्वारीत खोट आहे असं सांगते आहे, आणि सगळे माना डोलावत आहेत, हे चित्र मला बघवलं नसतं. त्यापेक्षा माझं तोंड मीच फोडून घेतलेलं बरं.

पाऊस झालाच. दोन दिवसांनी मी केमला पोचले तेव्हा अर्धी ज्वारी पावसाआधीच मळून घरात पडली होती आणि उरलेली कणसं अंगणात ढीग करून होती, ओली, वाफ धरलेली. बायका ढिगाभोवती बसून कणसं पसरत होत्या. मला बघून सगळ्या हसल्या.

"ये मोठे," काकी म्हणाल्या. "बग, शेजारच्या रानातली काळीठिक्कर पडली. आन ही बग तुजी. दुदासारखी."

खरंच ती पांढरी होती. भिजून, गरम होऊन, तरीही पांढरी. किती वर्षं मी हेच बघायला इथं येत होते.

मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर सांगवलं नसतं. म्हटलं, घरातली कोरडी आहे ती खुशाल खा. ही भिजलेली खायची नाही. कोंबड्यांना घालायची नाही, शेळ्यांना नाही. पांढरी दिसली तरी हिच्यात विष असतं, साध्या ज्वारीपेक्षा जास्त असतं. आधी सांगितलं ते चुकीचं निघालं, दाण्यांना हळद लागली होती म्हणून.

एक बाई हळदीचं ऐकून फिसकन हसली आणि काकींकडे बघून गप्प झाली. काकींनी ढिगातलं एक कणीस उचललं, तळहातावर रगडलं, फुंकर मारली, दाणे डोळ्यांजवळ नेले.

"पांडरी फेक हाय की गं."

"पांढरी आहे, तेच वाईट आहे, काकी."

"कळायचं कसं मंग?"

"दिसून नाही कळणार."

त्यांनी दाणे परत ढिगात टाकले नाहीत. हात लांब करून उकिरड्याकडे झटकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमची जुनी काळी पडायची. लोकं नावं ठिवायची तिला. पर ती सांगत तरी हुती, मला खाऊ नगंस म्हनून. ह्या तुज्या ज्वारीनं आमचा डोळाच काडून घ्येतला की."

त्या रागानंही म्हणाल्या नव्हत्या. बायकांनी हळूहळू कणसांवरून हात काढून घेतले आणि पदराला पुसले.

थोड्या वेळानं काकींनीच विचारलं, "ह्येच्यावर काय इलाज हाय का न्हाय?"

"आहे."

"कुनाकडं?"

मी तोंड वळवलं असतं तरी तो शब्द दुसरा कुणीतरी बोललाच असता. "धाकटीकडे," मी म्हणाले. "तिची ज्वारी विष मोडते. तिचं चांगलं आहे काम." हे वाक्य या तोंडातून पहिल्यांदाच निघालं होतं आणि तेही आख्ख्या वस्तीसमोर.

"मंग ती ज्वारी दी म्हनावं आमाला."

"अजून मिळत नाही, काकी. सरकारची परवानगी नाही. वेळ लागेल."

"तवर?"

तवर काय, ते मी सांगितलं. काढणी लवकर करा, ढीग लावू नका, भिजलेलं वेगळं ठेवा, जुनं बी कुणाकडे असेल तर ते पेरा. कुठल्याही कृषी सहायकानं सांगितलं असतं तेच. काकींनी मान हलवली आणि घरातल्या गड्याला हाक मारून ओला ढीग खड्ड्यात लोटायला सांगितला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. मी धाकटीला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे फोन हातातच धरून बसली असणार.

"सांगितलं," मी म्हणाले. "काकी काय म्हणाल्या तेही ऐक." आणि काकींचं वाक्य तिला जसंच्या तसं ऐकवलं.

मला वाटलं, आता ही रडते की काय. रडली असती तर मी फोन ठेवला असता.

"ताई," ती म्हणाली, "तुमचं चुकलं असं नाही हो..."

"ते राहू दे. ज्वारी हवी होती ना तुला? घे. तुझं जनुक घाल तिच्यात."

"खरंच?"

"हो म्हटलं ना."

"मग नाव तुमचं घालते, ताई. काम पूर्ण झालं, परवानगीबिरवानगी मिळाली, सगळं नीट बाहेर आलं, की ज्वारीला तुमचंच नाव."

मी तिचं बोलणं तोडलं. आज त्या अंगणातल्या एकाही बाईला ती ज्वारी कुणाची हे विचारावं लागलं नव्हतं. तिच्यातलं विष मोडलं गेलं की मात्र आत्या, काकी, शेजारच्या काकू, सगळ्या तिला कुणाची म्हणणार, हे मला तिथं फलाटावर बसून स्वच्छ ऐकू येत होतं.

"नंतर नको," मी म्हणाले. "आत्ताच घाल. ती बरी झाल्यावर माझं नाव कोण घेणार आहे?"